सासऱ्यांची ढोलकी, मुलाचा लॅपटॉप

आमच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची सोय नव्हती. एक सासऱ्यांची ढोलकी आणि दुसरा माझा लॅपटॉप. ढोलकीला हात लावला की सासूबाई चिडायच्या, आणि लॅपटॉपला लावला की हात भाजायचा.

लॅपटॉप मूळचा मुलाचा. तो नोकरीला बंगळूरला गेला, तिथे त्याला ऑफिसनं नवा दिला आणि हा आमच्या गळ्यात पडला. सुरू केला की पाच मिनिटांत डाव्या बाजूच्या जाळीतून अशी गरम हवा सुटायची की मांडीवर घेऊन बसायचं नावच नको. आतला पंखा घरघरायचा तो वेगळाच. नवरा त्याला 'तुझी इस्त्री' म्हणतो. गेल्या वर्षी मी त्याला नवी बॅटरी बसवून आणली तर म्हणाला, "मरायला टेकलेल्याला कवळी कशाला?" मी म्हटलं, तुझ्या बाबतीत हे लक्षात ठेवीन हं!

मला तो हवाच होता. आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. गाण्यांच्या वह्या पनवेलच्या दमट हवेनं पार गेल्या होत्या, पानाला पान चिकटलेलं. ती सगळी भजनं आणि गौरीची गाणी मी एकेक करून लॅपटॉपवर टाईप केली. कार्यक्रमाला आमच्या मुख्य गायिकेपुढे स्टुलावर वहीच्या जागी लॅपटॉप उघडून ठेवायचा, अशी पद्धत पडली. या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. समोर शब्द दिसल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत.

आता ढोलकी. सासरे पनवेलजवळच्या कोन गावापुढच्या आमच्या गावात मिठागरावर राबले आणि देवळात भजनाला ढोलकी वाजवली, आयुष्यभर. त्यांचा हात नावाजलेला. आजही गावाकडचं कुणी भेटलं की आधी त्यांच्या ढोलकीची गोष्ट निघते. ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ढोलकी कापडी गवसणीत गुंडाळून सासूबाईंच्या कपाटावर होती. दर दिवाळीला त्या ती खाली काढून पुसायच्या आणि परत वर ठेवायच्या. वाजवायचं कुणी नाही.

मग आमच्या मंडळाची ढोलकीवाली लेकीकडे पुण्याला राहायला गेली आणि जागा रिकामी झाली. मी लहानपणी गल्लीच्या गणपतीत आरतीला ढोलकी बडवलेली. मी म्हटलं, मी वाजवते! वयाच्या बावन्नाव्या वर्षी क्लास लावला. पोरंटोरं हसली, हसू देत. सहा महिन्यांनी धीर करून सासूबाईंकडे सासऱ्यांची ढोलकी मागितली. दोन दिवस त्यांनी ती नुसती खाली काढून पुसली. तिसऱ्या दिवशी ढोलकी माझ्या पलंगावर ठेवून म्हणाल्या, "वाजव. पन बिगडवलीस तर बग."

आणि मी पहिल्याच आठवड्यात ती बिघडवली. झालं काय, लॅपटॉपवर चामड्याची निगा कशी राखावी याचा एक व्हिडिओ बघितला. पर्सचा आणि बुटांचा होता, पण चामडं ते चामडं, असं मला वाटलं. चामडं कोरडं पडलं की तडकतं, त्याला तेल द्या, असं तो माणूस सांगत होता. मी ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं ताणलेलं चामडं, चाचपून बघितली. अगं बाई, ठणठणीत कोरडी! मग काय, खोबरेल घेतलं आणि काळ्या शाईचा गोल सोडून दोन्ही पुड्यांना तान्ह्या बाळासारखं मालिश केलं. मोठ्या प्रेमानं केलं हो. दुसऱ्या दिवशी थाप मारली तर उशीवर मारल्यासारखा आवाज.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. ढोलकीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि खाली बसल्या. "त्यांनी चाळीस वर्सं तेलाचा हात लागू दिला नाय हिला," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. मला रडूच फुटलं.

जुन्या पनवेलमध्ये वाद्यं दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे ढोलकी नेली. ते आधी पोटभर हसले. "ताई, ही काय पर्स आहे का?" मग दोन दिवस बेसन चोळून चोळून त्यांनी तेल काढलं, दोऱ्या ताणून दिल्या आणि मला बजावलं, "तेल नाही, पाणी नाही. हिला कोरडं ठेवायचं आणि ऊब द्यायची. पावसाळ्यात पुडी सैल पडणारच. ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर फिरवा." मी ड्रायर आणला. पिशवीत ढोलकीबरोबर तोही राहू लागला.

पण सासूबाईंच्या मनातून काही जाईना. सासरे वाजवायचे त्या गावच्या देवळातली मंडळी ढोलकी मागत होतीच, त्यांचं म्हणणं रास्तच होतं. एके दिवशी जेवताना सासूबाईंनी निकाल सांगून टाकला. "श्रावनात तुजा तो भजनाच्या स्पर्धेचा कारेक्रम हाय ना? मी येते ऐकाया. जशी वाजाया पायजे तशी वाजली तर ठेव. नाय तर गोकुलअष्टमीला देवलात देऊन टाकते." नवरा ताटात बघून जेवत राहिला. आईपुढे त्याचं काय चालतंय!

मी जिद्दीला पेटले. दुपारी जेवणं झाली की डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडायचा, गाणं समोर ठेवायचं, शेजारी ढोलकी आडवी घालून सरावाला बसायचं. बाहेर धो धो पाऊस, पण ढोलकी काय खणखणीत वाजायची! सासूबाई आतून म्हणायच्या, "आज बरी वाजते." संध्याकाळी तीच ढोलकी घेऊन गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसले की आवाज मेलेला. मी अनुमान काढलं की माझा हात दुपारी चांगला चालतो. तसं नवऱ्याला ऐटीत सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "जेवण जास्त झालं की माणसाला असंच वाटतं."

स्पर्धेच्या दिवशी पावसानं सकाळपासून डोकं वर काढू दिलं नाही. रिक्षाला पडदा एकाच बाजूला. मी पदरानं, टॉवेलनं, जे मिळेल त्यानं ढोलकी झाकत हॉलवर पोचले. नवरा सासूबाईंना घेऊन मागून आला. त्या थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, छत्री मांडीवर आडवी ठेवून. परीक्षकांपेक्षा मला त्यांचीच भीती वाटत होती.

आमचा नंबर पाचवा. दुसरं मंडळ गात असतानाच लाईट गेली. हॉलवाल्यानं इन्व्हर्टर लावला, पण त्यावर माईक आणि दोन ट्यूबलाईट एवढंच. बाकी सगळे प्लग बंद. मी विंगेत ढोलकी गवसणीतून काढली आणि थाप मारली. ठप्प. परत मारली. ठप्प. पुडी बोटानं दाबली तर ओल्या भाकरीसारखी आत जाते. ड्रायर हातात, आणि तो काय करणार? हॉलवाल्याला म्हटलं, एक मेणबत्ती तरी लावू दे रे बाबा. तो म्हणाला, "मॅडम, इथे काडीसुद्धा पेटवायची नाही." आमच्या बँकवाल्या बाई घड्याळ बघत म्हणाल्या, "आपण ढोलकीशिवाय म्हणू या. टाळांवर भागेल." त्यांचं भागलं असतं हो. माझी ढोलकी अष्टमीला घराबाहेर गेली असती.

मी ड्रायर परत पिशवीत कोंबला. आणि बाईंनी स्टुलावर ठेवलेला लॅपटॉप घरघरायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. दुपारचा हात कसला आणि काय कसलं! दुपारी ढोलकी लॅपटॉपच्या डाव्या अंगाला असायची, त्या जाळीसमोर. गॅलरीत लॅपटॉप नसायचा. महिनाभर मी स्वतःवर खूश होते, आणि वाजवत होता तो!

बॅटरी भरलेली होती, त्या नव्या कवळीची कृपा. मी मुलाला फोन लावला. "अरे, लॅपटॉप जास्तीत जास्त गरम कसा करायचा?" तो म्हणाला, "आई, आत्तापर्यंत तू गार कसा करायचा ते विचारायचीस." मी म्हटलं, वेळ नाही, बोल. मग तो सांगत गेला आणि मी उघडत गेले. कॅमेरा लाव. मोबाईलचं नेट दे आणि पाच-सहा व्हिडिओ एकदम चालू कर. पडद्याचा उजेड पूर्ण वाढव. जन्मभर 'इतक्या खिडक्या उघडू नकोस' म्हणून माझ्यावर ओरडणारा मुलगा "आणखी उघड, आणखी उघड" म्हणत होता. पंखा असा काही सुटला की विंगेतल्या इतर मंडळांच्या बायका बघायला आल्या. मी ढोलकीची पुडी जाळीसमोर धरली. आमच्या चौघीजणींनी भोवती पदर धरून आडोसा केला. वांगं भाजताना फिरवतात तशी मी ढोलकी फिरवत होते, पाच मिनिटं ही बाजू, पाच मिनिटं ती.

"पण गाणी त्याच्यात आहेत!" बँकवाल्या बाईंचा जीव खालीवर. बॅटरी भराभर उतरत होती. मी म्हटलं, "बाई, टाईप करून करून मला सगळी पाठ आहेत. अडलात की मी शब्द देते." त्यांनी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं.

आमचं नाव पुकारलं आणि तेवढ्यात लॅपटॉपनं मान टाकली. पडदा काळा. मी थाप मारली. खण्ण! आम्ही स्टेजवर गेलो. बाई दोनदा अडल्या, दोनदा मी वाजवता वाजवता शब्द पुरवला, आणि दुसऱ्या गाण्याला तर त्या हात वर करून अशा रंगल्या की त्यांना समोर काही नाही याचा विसरच पडला. ढोलकी बोलत होती. मी मधेच पहिल्या रांगेकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे मिटले होते आणि छत्रीच्या दांड्यावर त्यांची बोटं चालत होती. मला इतका आनंद झाला की एक मात्रा चुकले. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या आलं असेल.

आम्हाला तिसरा नंबर आणि प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळाला. सासूबाई नवऱ्याचा हात धरून विंगेत आल्या. त्यांनी ढोलकीच्या पुडीवर तळवा ठेवला आणि चमकून माझ्याकडे बघितलं. "ही गरम कशी?"

आता पुन्हा ऐकून घ्यावं लागणार, असं वाटलं. पण लपवायचं कशाला? मी लॅपटॉपसकट सगळं सांगून टाकलं. आणि हेही सांगितलं की महिनाभर ऐकलंत तो माझा हात नव्हता, ही ऊब होती. त्यांनी वाकून लॅपटॉपच्या पाठीला हात लावला. अजून गरम होता. तळवा तसाच ठेवून त्या स्टुलाशेजारी बसल्या.

"माजी चूल अशीच व्हती," त्या म्हणाल्या. "पावसात ढोलकी चुलीवरच्या खुटीला टांगायची. जेवनं झाल्यावर मी निकारे विजवत नवते, राकेखाली ठेवायची, हिच्यासाठी. दर पावसाल्यात. लोकं म्हनायची, काय हात हाय गड्याचा!" मग हसल्या. "त्यांना पन वाटायचं, आपलाच हात. मी कदी बोलली नाय."

नवरा आईकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्यालाही हे माहीत नव्हतं. रिक्षात सासूबाईंनी ढोलकी माझ्याकडे दिली आणि लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला, त्यावर स्वतःचा पदर घालून. निकाल काय ते मात्र सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, तोंडापर्यंत आलं होतं तरी.

अष्टमीच्या आदल्या दिवशी देवळातल्या मंडळींचा फोन आला. मी ढोलकी पुसून, गवसणी बांधून दारापाशी ठेवलेली. न सांगता ठेवली होती, सासूबाईंना वाईटपणा नको म्हणून. सासूबाईंनी फोन कानाला लावला, दारातल्या ढोलकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नाय रे बाबा, ढोलकी नाय भेटायची," त्या म्हणाल्या. "घरात चूल पेटती हाय अजून."