नणंदेची मुलगी

आमच्या स्टुडिओत तिला सगळे राणीसाहेब म्हणत. खरं तर ती साध्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातली बाई. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि ही बाहेरून आलेल्या कार्टूनपटांना आपल्या भाषेत आवाज द्यायची. अकरा वर्षांपूर्वी एका परीकथेच्या सिनेमात तिने राणीचा आवाज दिला. तो इतका गाजला की भाजीच्या दुकानात ती तोंड उघडायची आणि शेजारचं पोर आईच्या मागे लपून तिच्याकडे बघत राहायचं. तेव्हापासून ती पदवी चिकटली ती चिकटलीच.

त्या सिनेमाचे संवाद मी लिहिले होते, म्हणून आमची ओळख. कामात ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. एखादा शब्द जिभेवर नीट बसला नाही तर काचेपलीकडून मला विचारायची, "लेखकमहाशय, हे तुम्ही स्वतः एकदा मोठ्याने म्हणून बघितलंय का?" बहुतेक वेळा मी म्हणून बघितलेलं नसायचं.

यंदा त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. राजाराणीला मूल होत नाही, म्हणून ते एका नावाड्याची अनाथ पोर दत्तक घेतात, अशी गोष्ट. पोर राजवाड्यात रुळत नाही. राजाचा मुकुट विहिरीत टाकते आणि भर दरबारात सिंहासनाखाली जाऊन बसते. दरबारी म्हणतात, जिथून आणली तिथे सोडून या. मग राणी गुडघे टेकून सिंहासनाखाली वाकते आणि त्या पोरीशी एकच वाक्य बोलते.

मूळ वाक्याचा अर्थ एवढाच होता की तू आता इथेच राहणार. पण पडद्यावर राणीचे ओठ लागोपाठ दोनदा मिटत होते. आमच्या धंद्यात ओठ मिटले की तिथे प, ब, म असलं काहीतरी यावं लागतं, नाहीतर तोंड एकीकडे नि आवाज एकीकडे. अर्धा दिवस डोकं खाजवून मी लिहिलं, 'तुला परत पाठवायला आणलेलं नाही.' दोन्ही 'प' अचूक बसले. मी स्वतःवर खूश झालो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी राणीसाहेब बाकीची सगळी पानं झरझर बोलून गेल्या. या वाक्याशी गाडी अडली. पहिल्या वेळी 'परत' म्हणताना आवाज चिरला. दुसऱ्या वेळी 'पाठवायला' राहूनच गेलं. तिसऱ्या वेळी पडद्यावर राणी बोलून मोकळी झाली आणि ही नुसती उभी. सात वेळा असं झालं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, घसा धरलाय. दिग्दर्शकाने गरम पाणी मागवलं आणि सगळ्यांना पंधरा मिनिटं सुट्टी दिली.

मी जिन्याजवळच्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "वाक्य जड जात असेल तर बदलतो. दुसरे दोन 'प' शोधू."

ती पेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "पहिल्या सिनेमाच्या वेळी इथे एक मुलगी आली होती. आठवतं तुम्हाला?"

मला आठवत होतं. सहा-एक वर्षांची, आखूड केसांची, सारखी स्वतःभोवती गिरक्या घेणारी. तिला भिंगरी म्हणायचे. त्या दिवशी ती कंट्रोल रूममध्ये रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसली होती. आत राणीसाहेबांचं लांबलचक भाषण चाललं होतं, एका दमात म्हणायचं. ते संपत आलं आणि तेवढ्यात भिंगरीने जड दार ढकलून आत धाव घेतली आणि हाक मारली, "आई." टेक वाया गेला. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. राणीसाहेब लाल झाल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नणंदेची मुलगी आहे. कुणालाही आई म्हणायची सवय लागलीय तिला." मग कुणीतरी त्या मुलीला हाताला धरून बाहेर नेलं.

"माझ्या नणंदेला मुलगी नाही," ती म्हणाली. "दोन मुलगे आहेत."

ती सांगत गेली. स्वर तोच, कामाच्या गोष्टी बोलतानाचा.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा नवराबायकोने अनाथाश्रमातून ही मुलगी आणली. कायमचं होण्याआधी काही महिने मुलीला घरी ठेवून बघायचं, अशी तिथली पद्धत. भिंगरीने काही मोडलं नाही, कुणाला मारलं नाही. तिचं एकच होतं, बंद दार तिला सोसायचं नाही. राणीसाहेब सरावासाठी आतल्या खोलीत गेल्या की ती बाहेरून दारावर थापा मारत राहायची. न्हाणीघराबाहेरही बसून राहायची. चार महिन्यांत तिने या बाईला एकदाही आई म्हटलं नव्हतं. अहो म्हणायची, नाहीतर नुसता पदर ओढायची.

"पहिल्यांदा म्हणाली ती इथे. आणि मला काय वाटलं सांगू? माझा टेक गेला. एवढं मोठं काम पहिल्यांदा मिळालेलं, सगळे हसतायत. मी तिला सगळ्यांसमोर नाकारलं. घरी जाताना ती एक अक्षर बोलली नाही. पुढे तीन आठवडे दारही वाजवलं नाही. त्याचं वाईट वाटायचं सोडून मला सुटल्यासारखं वाटलं. मग मीच ह्यांना म्हणाले, आपल्याला नाही जमायचं."

"आणि ते?"

"ते म्हणाले, तू म्हणशील तसं."

सकाळच्या वेळी दोघांनी तिला परत नेऊन सोडलं. तिथल्या अधीक्षकबाईंनी दोष दिला नाही, एक कागद पुढे केला. त्यावर कारण लिहायची जागा होती. राणीसाहेबांनी लिहिलं, 'मुलगी रुळत नाही.' शेजारीपाजारी, नात्यागोत्यात सांगितलं की कागदपत्रांत अडचण आली. लोक हळहळले. सासूने तर तिला जवळ घेतलं होतं.

"लोक मला धीर देत होते, महाशय. मी तो घेत होते."

मला माझीच लाज वाटायला लागली. ती हसण्याची, आणि त्या दोन 'प'चीही. म्हटलं, "मी आत्ता बदलतो ते वाक्य."

"नको," ती उठत म्हणाली. "ओठ बरोबर मिटतात."

आत जाऊन तिने ते वाक्य एका झटक्यात म्हटलं. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, "काय जीव ओतलात राणीसाहेब." तिने कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि कुणाकडे न बघता निघून गेली. त्या कौतुकाने ती जितकी खचली तितकी शिव्यांनी खचली नसती, असं तिने मला नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने नवऱ्यापुढे तो विषय काढला. ती म्हणाली, "भिंगरी कुठे असेल हो?"

तो ताटावर होता. घास खाली ठेवून म्हणाला, "तिथेच आहे. अठरावं लागलंय. डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय."

तिला आधी कळेचना. मग तो बोलायला लागला. मुलगी परत दिल्यावर वर्षभराने आश्रमातल्या मुलांचे डोळे तपासले, आणि चष्म्यांचं काम याच्याच दुकानात आलं. यादीत तिचं नाव होतं. काचा याने स्वतः घासल्या, स्वतः नेऊन दिल्या. तेव्हापासून दरवर्षी तो जात होता. चष्मा बसवायचा, कानामागची दांडी वाकवून नीट करायची, कसं चाललंय विचारायचं आणि परत यायचं. ती त्याला काका म्हणत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने सांगू? त्या दिवशी मी नाही म्हणालो असतो तर तू ऐकलं असतंस. मी तुझ्यावर ढकललं नि मोकळा झालो. मग चष्मे करत बसलो."

तिने त्याचं ताट तसंच झाकून ठेवलं.

पुढे तिने अधीक्षकबाईंना चिठ्ठी लिहिली, की मुलीची इच्छा असेल तरच भेटायचं आहे, नसेल तर पुन्हा विचारणार नाही. महिनाभर उत्तर नाही. ती तीनदा चिठ्ठी मागे घ्यायला निघाली आणि दारातून परतली. मग निरोप आला, मंगळवारी दुपारी या.

आश्रमाच्या कचेरीत टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसल्या. मुलगी उंच झाली होती. चष्म्यातून तिने थेट बघितलं. गिरकी वगैरे कुठे उरलेली नव्हती. राणीसाहेब घरून पाठ करून नेलेलं सगळं विसरल्या. आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं पाठ करणारी बाई, स्वतःची चार आठवेनात.

शेवटी मुलगीच म्हणाली, "मला एकच विचारायचंय. त्या दिवशी मी हाक मारायला नको होती का?"

"हाक बरोबर होती," राणीसाहेब म्हणाल्या. "मी खोटं बोलले. तू माझ्या नणंदेची कुणी नव्हतीस."

"पण त्यानंतर मी दारसुद्धा वाजवलं नाही. मला वाटलं, तेवढं केलं तर ठेवाल."

राणीसाहेब म्हणाल्या, "कागदावर मी लिहिलं होतं की तू रुळत नाहीस. ते खोटं आहे. मला जमलं नाही, असं लिहायला हवं होतं. अधीक्षकबाईंना सांगून आज मी ते बदलून द्यायला आले आहे."

अधीक्षकबाईंनी जुनी फाइल काढली. आधीची ओळ खोडता येत नव्हती, म्हणून तिने खाली नवी ओळ लिहिली आणि सही केली. मुलीने कागद ओढून घेऊन वाचला. दोनदा वाचला.

"तुम्हाला माफ करायचं की नाही ते मला अजून कळत नाही," ती म्हणाली.

"ते मागायला मी आलेच नाही."

"मग बरं झालं."

त्यानंतर राणीसाहेब सासरच्या एकेका घरी गेल्या आणि खरं काय ते सांगितलं. सासू आता हयात नव्हती, तेवढी एक जागा राहिली. नणंद ऐकून म्हणाली, "वहिनी, झालं गेलं. आता कशाला उकरून काढता?" राणीसाहेबांनी सांगितलं, "तुमच्या नावावर मी एक मुलगी खपवली होती. तुम्हाला तरी कळायला नको का?" नणंद दोन महिने बोलली नाही.

भिंगरी आता अठरा पूर्ण करून आश्रमातून बाहेर पडली आहे. या दोघांनी घरातली खोली देऊ केली. तिने नको म्हटलं, ती मैत्रिणींबरोबर वसतिगृहात राहते. राणीसाहेबांच्या नवऱ्याच्या दुकानात अर्धा दिवस काम शिकते. त्याच्याशी भरपूर बोलते, थट्टासुद्धा करते. राणीसाहेब डबा घेऊन गेल्या तर 'ठेवा' म्हणते. अजून अहोजाहो करते, कुठलंही नातं लावत नाही.

परवा तिला कुठल्याशा अभ्यासक्रमाचा अर्ज भरायचा होता. पालकाचं नाव लिहायच्या जागी तिने अधीक्षकबाईंचं नाव घातलं. राणीसाहेब तेव्हा दुकानाच्या काउंटरपाशीच उभ्या होत्या. हे त्यांनी मला स्टुडिओच्या त्याच बाकावर बसून सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

"तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

"काय वाटायचंय?" ती म्हणाली. "ज्यांनी सांभाळली त्यांचंच नाव यायला हवं. तिने बरोबर लिहिलं." आणि आतून हाक आली म्हणून ती कामाला उठून गेली.