बंद दाराबाहेरच्या चपला

आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरच्या खोलीवर पाटी नाही. आत काय आहे ते चोराला कळू नये, म्हणून. अंगठा लावल्याशिवाय दार उघडत नाही आणि आतल्या यंत्रांवर कॅमेऱ्यांचा पहारा असतो. पण धूळ नको म्हणून सगळे चपला बाहेर काढतात, त्यामुळे इथं कुठलंतरी जागृत दैवत आहे हे जिना चढणाऱ्या कुणालाही कळतं.

मी आमच्या साइटवरून साड्या घेणाऱ्या बायकांचे फोन घेते. "ताई, साइट कधी सुरू होणार हो?" असं कुणी विचारलं, की मी मान वळवून चपला बघते. एकच जोड असेल तर "होईलच आता" म्हणते. ढीग असेल तर "उद्या बघा."

ऐन दिवाळीच्या सेलमध्ये, एका शनिवारी, साइट बंद पडली. कुणीतरी बाहेरून आत घुसू पाहतंय म्हणे! साहेबसुद्धा नव्या कोऱ्या कोल्हापुरी काढून आत धावले. संध्याकाळी सगळे हसत बाहेर आले. गिऱ्हाइकांची सगळी माहिती शाबूत होती. साहेबांच्या कोल्हापुरी तेवढ्या गेल्या होत्या. आपण जिवापाड राखतो तेच चोराला हवं असतं, असं आपण उगाच धरून चालतो.

"शनिवारी चप्पल गेली म्हणजे पीडा गेली, साहेब," मी म्हटलं. साहेब अनवाणी घरी गेले.

तेव्हापासून साइट खरंच बंद पडलेली नाही. आता ती जरा अडखळली, की सगळं ऑफिस आशेनं साहेबांच्या नव्या बुटांकडे बघतं.