आक्काची गाठ आणि सरांची कीर्ती

आमच्या सरांना सत्काराचा भारी सोस. कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करणारा माणूस, पण प्रयोगशाळेत कमी आणि व्यासपीठावर जास्त. शाल, श्रीफळ, फेटा, आणि चौकात मराठी-कानडी दोन्ही भाषांत फ्लेक्स: जगभर संदर्भ दिले जाणारे शास्त्रज्ञ! बेळगावातल्या त्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली होते. पेशी वाढवायच्या मी, फेटा बांधून घ्यायचा त्यांनी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

ज्या पेपरानं ते एवढे मोठे झाले, तो माझ्या थोरल्या बहिणीच्या गाठीवरचा. आक्का निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. गालात गाठ झाली, ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा संशोधनाला देणार का, असं मीच तिला विचारलं होतं. "घे की," ती म्हणाली, "वखारीतल्या बायकांस्नी त्यातनं काय औषध निघालं तर बरंच हाय." आणि सही केली. पेपर छापून आल्यावर गल्लीभर सांगत सुटली, "माझी गाठ परदेशात गेलीया." आपलं दुखणं कुणाच्या तरी कामी आलं, यावर तिचा जीव तगून होता.

आता त्या पेपरावरची नावं ऐका. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत भावकीतलं एक नाव राहिलं तर माणूस जन्मभर रुसतो, म्हणून सगळी छापतात. सरांनी तेच केलं. संस्थेचे चेअरमन, सरांचे साडू, खानापूरचे एक दातांचे डॉक्टर. यांतल्या एकानंही लॅबचा उंबरा ओलांडला नव्हता. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी पोरं जिथं छापतात, तसल्या जागी माझं नाव होतं.

पुढचं काम सुरू करण्याआधी मी आक्काच्या गाठीतून वाढवलेल्या त्या पेशी ओळख पटवायला बाहेर पाठवल्या, आक्काच्या रक्ताशी ताडून बघायला. निकाल आला. पेशी आक्काच्या नव्हत्याच. अहो, बाईच्याच नव्हत्या! कुणा पुरुषाच्या होत्या. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पेशींना घालायचं खाद्य महाग, म्हणून सरांचा हुकूम होता, सगळ्यांनी एकाच बाटलीतून घ्या. लॅबमधल्या जुन्या, भसाभस वाढणाऱ्या पेशी त्या बाटलीतून आक्काच्या पेशींत शिरल्या आणि त्यांनी आक्काच्या पेशींना जगूच दिलं नाही.

मी निकाल सरांपुढं ठेवला. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "अहो मॅडम, किती जणांनी आपला संदर्भ दिलाय बघा जरा. एवढी माणसं चुकतील व्हय?"

वा रे शास्त्र! एक मेंढरू ओढ्यात उतरलं की बाकीची आपोआप उतरतात. संदर्भ देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पेपर वाचला असेल, देव जाणे. मी नियतकालिकाला लिहिलं, पेपर मागं घ्या. त्यांनी सगळ्या लेखकांचं म्हणणं मागवलं. झालं! भावकी फोन उचलेना. दातांचे डॉक्टर तेवढे बोलले, आणि तेही भडकून: "माझ्या कामावर शंका घेता?" कसलं डोंबलाचं काम! पेपर अजून जागच्या जागी आहे आणि लोक त्यावर आपापले पेपर रचतायत. त्यानंतरही सरांचा संकेश्वरात एक सत्कार झाला. मी गेले नाही.

निपाणीला मात्र गेले. जगाला नाही, निदान आक्काला तरी खरं सांगायला हवं होतं. चहा झाल्यावर म्हटलं, "आक्का, त्या पेशी तुझ्या नव्हत्या गं. तुझ्या आमच्याकडं मेल्या. सरांनी दुसऱ्याच कुणाच्या छापल्या."

ती शिव्या घालेल असं वाटलं होतं. घालायला हव्या होत्या. तिनं एवढंच विचारलं:

"मंजे माझ्या गाठीचं कायबी झालं न्हाय?"

"न्हाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं, दारातल्या उजेडाला सरकून बसली आणि आ करून दुसरा गाल बोटानं ताणून धरला.

"हितं बघ. परत आलीया. अजून कुणाला सांगितलं न्हाय. ही तरी नीट वाढवा."