स्मिताचा लेआउट

रविवार, १४ ऑगस्ट २००५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. स्थळ — नाशिक, कॉलेज रोडवरील एका कॉम्प्लेक्सच्या तळघरातली बोलिंग अ‍ॅली. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. कोणी ‘अनुभव’ सांगू लागले की मोजले कशाने, हे आधी विचारते. त्यामुळे हे लिहिताना मला भीतीपेक्षा संतापच अधिक आहे.

राज्य संघाची निवड पुढच्याच रविवारी होती. मी प्रथमच स्वतःचा बॉल घेतला होता. बॉलच्या पोटात जड गाभा असतो. त्या गाभ्याच्या हिशेबाने बोटांची भोके कुठे पाडायची, याला लेआउट म्हणतात. तो आपल्या रिलीजवर, म्हणजे बॉल सुटताना हात कसा वळतो यावर ठरतो. फिरत्या बॉलवरचा जो बिंदू जागीच राहतो, तो टेपचा तुकडा चिकटवून शोधतात. पकडीपासून माझा बिंदू पावणेपाच इंचांवर. हे माप हाताचे असते, बॉलचे नव्हे.

कोच प्रकाश सर भोके स्वतः पाडत. मी त्यांना आकृती काढून दिली होती. बॉल हातात आला, तर गाभ्याची खूण भलतीकडेच!

“सर, हा माझा लेआउट नाही.”

“स्मिताचा आहे.” नव्या बॉलपुढे नारळ फोडायची आमच्याकडे पद्धत होती, सर शेंडी सोलत होते. “पोरीनं त्यावर स्टेटचं गोल्ड आणलं. पावलेला लेआउट आहे.”

स्मिता त्यांची विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. मी तिला पाहिलेही नव्हते.

“लेआउट म्हणजे काय मुहूर्त आहे? हात बघून ठरवतात तो!”

“सायंटिस्टबाई, आधी टाका. मग भांडा.”

टाकला. बॉल कडेकडेने सरळ गेला आणि अगदी शेवटी आत वळला... दहाही पिना आडव्या. लेआउट चुकीचाच आहे हे दाखवण्यासाठी मी टेप लावला. माप आले सव्वातीन इंच. पुन्हा टाकला — सव्वातीन. अ‍ॅलीचा जुना बॉल घेतला — पावणेपाच. हात तोच, मनगट तेच!

मी आकडा सांगितला, तेव्हा सरांनी नारळ खाली ठेवला. “स्मिताचं माप आहे हे.”

आकडा आधी ठाऊक असता, तर मनाने धरला म्हणता आले असते. ठाऊक नव्हता.

“निवडीला हाच ने. जागा पक्की.”

“कोणाची जागा, सर? माझी की तिची?”

ते डोळे पुसू लागले. मला दया आली नाही. वर्षभर मनगट मी झिजवले होते.

निवडीला मी हट्टाने जुना बॉल घेतला — हरले तरी स्वतःच्या हाताने हरेन. पहिलीच फेक... बॉल कडेकडेने सरळ गेला आणि अगदी शेवटी आत वळला. त्या झिजलेल्या बॉलला तसे वळताच येत नाही. मी पहिली आले.

मागून सर ओरडले, “शाब्बास, स्मिता!”

“अदिती,” मी म्हणाले. “माझं नाव अदिती आहे.”

आपण काय बोललो, हे त्यांना कळलेही नव्हते.

त्याच लेनवर, सगळ्यांदेखत, मी जुन्या बॉलवर टेप लावला आणि शेवटचा टाकला. थकवा, मनगटातला बदल, मोजण्यातली चूक — सर्व शक्यता मी तपासल्या. एकही पुरत नाही. वाचकांपैकी कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर द्यावे, सांत्वन नको. त्यानंतर मी मोजलेले नाही. जुना बॉल, माझा उजवा हात — सव्वातीन इंच.