साहेबासाठी काढलेली माती

मी कोकणातला, सातवीतून शाळा सोडलेला. तांबड्या मातीत वाढलो. अकोल्याची काळी जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, हिला खत कशाला हवंय? माती तपासणीच्या प्रयोगशाळेतले आमचे साहेब हसले. "काळी दिसते म्हणून भुलू नको बे. रंग वेगळा, कस वेगळा."

कस म्हणजे मातीत कुजून मुरलेलं शेण, पाला, मुळं. तो मोजायला त्यांनी मला शिकवलं. माझ्यासारख्या बाटल्या धुणाऱ्या माणसाकडे रसायनांच्या कपाटाची किल्ली दिली, हे मी विसरलेलो नाही. मातीच्या जांभळट द्रावणात थेंब थेंब औषध सोडायचं आणि रंग लख्ख हिरवा झाला की त्याच थेंबाला थांबायचं. मला सगळ्याचीच धास्ती असे. नोकरी तात्पुरती, घर लांब. पण त्या थेंबाची धास्ती कधी वाटली नाही.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. साहेबांनी गावोगावचा पाऊस, पिकं, मातीचा चिकटपणा यांचे तक्ते मुंबईला पाठवले होते आणि तिथल्या संगणकानं त्यांतून एक सूत्र काढून दिलं होतं. आम्ही कोणी तो संगणक पाहिला नव्हता. गावची माहिती सूत्रात घातली की मातीचा कस आधीच अंदाजानं कळायचा. मग मी तपासायचो. दोन्ही आकडे बहुतेक वेळा जवळ जवळ यायचे.

चांदूर रेल्वेकडच्या एका गावाहून सात शेतांच्या सात पिशव्या आल्या आणि सगळं बिनसलं. माझे आकडे सूत्राच्या कितीतरी वर. शिवाय सातही जवळपास सारखे.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "एकच तपासली अन् सात जागी उतरवली काय?"

"नाही साहेब. प्रत्येक दोनदा तपासली."

"मंग मुंबईचं यंत्र खोटं अन् तू खरा?"

त्यांनी किल्ली मागून घेतली. जुन्या शहरातल्या खोलीवर परत गेलो. घरी काय लिहू? पण हात चुकला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी जाऊन म्हणालो, "मला त्या गावाला जाऊ द्या. माती मी काढून आणतो."

साहेबांनी सात रिकाम्या पिशव्या माझ्याकडे सरकवल्या. मग म्हणाले, "जा."

गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ओसरीवर बसवलं, चहा दिला. "काहून बाबू, पास झालो ना आमी?"

मी विचारलं, "काका, माती कुठली दिली होती?"

"धनगराची मेंढरं खतासाठी बसवली होती ना माह्या वावरात, लेंड्याच लेंड्या, तिथली. सातही जणायनं तिथूनच नेली."

"पण तुमच्या-तुमच्या शेतातली हवी होती!"

"अरे, पोरगी पाहाले पावणे आले तं तिले फाटक्या लुगड्यात उभी करतेत काय? साहेबापुढं गावाची इज्जत हाय!"

ओसरीवर जमलेले सगळे हसले. मीही हसलो आणि डोळे पुसले. मग सातही शेतांत नागमोडी फिरलो, प्रत्येकात दहा जागी वीतभर खणलं. म्हातारा मागून ओरडत होता, "त्या बांधाजवळ नको बाबू, तिथली लय वंगाळ हाय!" मी तिथलीही घेतली.

या खेपेला साहेब माझ्या शेजारी उभे राहिले. सात बाटल्या, सात वेगवेगळे आकडे, आणि सगळे सूत्राच्या आसपास. सूत्र शेताबद्दल खरं बोललं होतं. मी पिशवीबद्दल खरं बोललो होतो.

साहेब माफी मागणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पुढच्या गावाले माती काढाले तूच जात जा. अन् त्या बुढ्याले सांग, नापास झाला तरी शेणखताचा सल्ला फुकट हाय."

मी ती किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली आणि पुढच्या गावाच्या पिशव्या शिवायला बसलो.