लिंबाची वेळ

१४ डिसेंबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. तळोद्यातल्या ओळखीच्या चिकनच्या दुकानात मी तुकड्यांना लसूण, लिंबू, जिरे आणि तेल लावले. कृती क्युबाची होती. तिकडच्या आंबट संत्र्याऐवजी मी लिंबाचा रस घेतला. मुरवण्याची वेळ मात्र तिकडचीच ठेवली, चार तास. दुपारी शहाद्याचे एक हॉटेलमालक चव पाहणार होते. माझ्या मसाल्याच्या बाटल्यांची पहिली ऑर्डर त्यांच्यावर अवलंबून होती.

दुकानदारकाका घड्याळ मानत नाहीत. गिऱ्हाईक गेले की ते एक तुकडा अंगठ्याने दाबत आणि अंगठा नाकाशी नेत. तासाभराने म्हणाले, "ताई, आते काढी ले. लिंबूनी कोंबडी शिजाडी टाकी."

"काका, कागदावर चार तास आहेत."

"मंग कागद खावाले देशी का त्यास्ले?"

मी ऐकले नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी न विचारता अर्धे तुकडे निथळून वेगळे ठेवले.

दुपारी माझे तुकडे भाजल्यावर भुसभुशीत निघाले. हॉटेलमालकांनी काकांनी वेगळ्या ठेवलेल्या तुकड्यांचे ताट संपवले आणि हे कोणी केले, असे विचारले. सुरी पुसत काका म्हणाले, "ताईनीच करेल शे."

ऑर्डर मिळाली. घरी येऊन वहीतले चार तास खोडले आणि लिहिले: सत्तर मिनिटे.