नाटकातल्या राजाला दिलेला ठेका

आमच्या बाबांनी ठेकेदार निवडला तो नाटक पाहून. ताईचं लग्न ठरलं होतं. वरात येण्याआधी घराची समोरची मातीची भिंत पाडून विटांची बांधायची, गिलावा करून रंग द्यायचा, एवढंच काम. ब्रह्मपुरीत मिस्त्री ढिगाने होते. पण दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकात, बाबांनी एक राजा पाहिला. दिलेल्या शब्दासाठी तो गादी सोडून वनात गेला. चौकशी केली तर राजा दिवसा बांधकामाचे ठेके घेतो असं कळलं. झालं! दोन दिवसांत राजा आमच्या अंगणात टेप घेऊन उभा.

"थो त पाठ केलेलं बोलते जी," आई म्हणाली. "त्याचा काय भरोसा?"

बाबा शाळामास्तर. पाठांतरावर त्यांचा भारी विश्वास.

भिंत पाडायचं काम राजाने एका दिवसात, मोठ्या हौसेने केलं. मग गावोगावच्या मंडईतून नाटकाच्या सुपाऱ्या आल्या आणि राजा मजुरांसकट गायब झाला, कारण त्याचे मजूर म्हणजे त्याचेच नट. आमच्या झाडीपट्टीत नाटकांच्या या हंगामात नटाला काम देऊ नये, हे शेंबडं पोरही सांगेल. लग्न आठ दिवसांवर आलं आणि घराला समोरून आईची जुनी लुगडी बांधलेली. "वरातीले काय हे दाखवू?" असं म्हणत ताई हसायची आणि हसता हसता रडायची. तिला आपल्या घरातून मानाने निघायचं होतं, बस. मला बाबांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी बाबा मलाच सोबत घेऊन जीपने वडशाजवळच्या एका गावी गेले. भर दुपारी राजा शाळेच्या वऱ्हांड्यात झोपला होता, कानामागे रंग तसाच. बाबा ओरडले नाहीत.

"भाऊ, माह्या पोरीची वरात येऊन राह्यली. घराले भिंत नाई."

राजा उठून बसला. त्याला मान वर करता येईना. "उद्या येतो गुरुजी. समदेच येतो."

आणि खरंच समदे आले. खलनायक घमेली उचलत होता, विनोदी नट विटा झेलत होता, सेनापती गिलाव्याची वाळू चाळत होता. बातमी फुटली आणि अर्धं गाव बघायला लोटलं. बघता बघता शेजारणीही विटा द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. "त्या दिवशी राणीले काऊन मारलं गा?" एका म्हातारीने खलनायकाला झापलंच. "चुकलं बाई," म्हणत तो घमेलं घेऊन पळाला. माझा राग कुठल्या कुठे गेला.

रंग द्यायला नाटकाचे पडदे रंगवणारा आला. साधी भिंत त्याला बघवेना. दाराभोवती त्याने हिरवी महिरप काढली, वर दोन मोर. दुसरा मोर वरातीच्या सकाळी संपला. नवरदेवाकडची माणसं मांडवात शिरायचं सोडून दारासमोर बघत उभी राहिली. ताई आतून त्यांच्याकडे बघत होती. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

संध्याकाळी दारातून निघताना तिचा खांदा महिरपीला घासला आणि शालूला हिरवा डाग पडला. ओल्या गिलाव्यावरचा रंग वाळलाच नव्हता. आई पदर ओला करून पुसायला धावली. ताईने तिचा हात धरला.

"राहू दे आई," ती म्हणाली. "आपल्या घरचा हाय."